मेश्रामकाका मूर्ती पास करतात

तीन माणसं एका खोलीत दोन वर्षं काम करत बसली की किस्से आपोआप साचतात. आमच्याकडे तर इतके साचलेत की चहाला कोणी आलं की तृप्तीच म्हणते, "सर, वो वाला सुनाओ ना."

आधी ओळख करून देतो. दुर्गच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवतो. तृप्ती वैशाली नगरची, कॉम्प्युटरवाली, मराठी फक्त घरी बोलणारी. आणि मेश्रामकाका खुर्सीपारचे. त्यांनी जन्मभर स्टील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शन केलं. रिटायर झाल्यावर घरात जीव रमेना म्हणून आमच्याकडे आले. आमचं काम म्हणजे जुन्या मूर्तींचे शेकडो फोटो काढायचे आणि ते जोडून कॉम्प्युटरवर तशीच्या तशी मूर्ती उभी करायची.

आता सांगतोय ते सगळे किस्से एकाच मूर्तीचे. दुर्गपासून अर्ध्या तासावरच्या गावात वडाखाली एक देवी आहे. ऊनपावसाने झिजत चाललेली. रायपूरच्या एका संग्रहालयाला ती छताखाली न्यायची होती. गाव तयार झालं, पण एका अटीवर. तिच्या जागी हुबेहूब तशीच मूर्ती बसवून द्यायची, आणि ती हुबेहूब आहे की नाही हे सुकवारा दाई ठरवणार. दाई म्हणजे गेली चाळीस वर्षं देवीला रोज आंघोळ घालणारी म्हातारी. ती नाही म्हणाली की मूर्ती हलणार नाही, आणि माझी दोन वर्षांची मेहनत पाण्यात. मला तर झोप लागत नव्हती.

*

पहिल्या दिवशी काकांनी पिशवीतून कॅलिपर काढला आणि देवीचे कान, डोळे, हनुवटी सगळं मोजलं. तासाभराने गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे आले.

"सर, हा जॉब रिजेक्ट होते."

"का?"

"डावा कान चार एमएम मोठा हाय. याचं ड्रॉइंग कुठं हाय?"

मी म्हटलं, काका, ही शेकडो वर्षांपूर्वीची मूर्ती आहे, हिचं ड्रॉइंग कुठून येणार? काकांनी कॅलिपर पुन्हा एकदा डाव्या कानाला लावून बघितला.

"मंग तेव्हा पास कोनं केली?"

*

फोटो काढताना मूर्तीभोवती गोल फिरावं लागतं. एकदा खालून, एकदा मधून, एकदा वरून. तृप्तीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि निघाली डावीकडून उजवीकडे. तेवढ्यात दाईने तिचा हात धरला.

"उल्टा झन घूम बेटी, पाप लगथे."

उलटं फिरायचं नाही, प्रदक्षिणा म्हणजे प्रदक्षिणा! तृप्ती मुकाट्याने वळली. दोन पावलं जाते न जाते तोच मागे एक बाई हात जोडून चालू लागली, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. तिसऱ्या फेरीला अर्धं गाव मागे होतं आणि कोणीतरी नारळही फोडला.

फोटो मात्र अप्रतिम आले. तृप्ती अजूनही प्रत्येक मूर्तीला उजव्या हाताला ठेवूनच फिरते. विचारलं तर म्हणते, "रिझल्ट अच्छा आता है."

*

फोटो जोडायला कॉम्प्युटरला दोन दिवस लागतात. काकांनी लगेच टेबलावर शिफ्टचं रजिस्टर ठेवलं. 'ए शिफ्ट: मशीन चालू. पंखा आवाज करतो. मूर्ती गळ्यापर्यंत झाली.'

दुपारी तृप्ती पर्स उचलून निघाली तर काका दारात उभे.

"रिलीव्हर आला का?"

"काका, कॉम्प्युटर है, अपने आप चलता है."

"आमचा फर्नेसही आपोआपच चालत होता. रिलीव्हर आल्याबिगर कोनी घरी जात नाही."

शेवटी रिलीव्हर म्हणून मला बोलावलं. इतिहासाचा तास सोडून मी एका चालू कॉम्प्युटरकडे दोन तास बघत बसलो.

*

पहिली नक्कल थ्री-डी प्रिंटरवर छापून, दगडाच्या भुकटीचा लेप देऊन गावात नेली. तृप्ती खूश होती. दाईने मूर्तीला नमस्कार केला नाही. नुसता अंगठा कपाळावरून फिरवला आणि हात काढून घेतला.

"ये ह मोर दाई नोहय."

ही माझी आई नाही. मग कळलं. चाळीस वर्षं रोज टिळा लावून लावून देवीच्या कपाळावर दाईच्या अंगठ्याएवढा खळगा पडला होता. तृप्तीच्या सॉफ्टवेअरला तो दोष वाटला आणि त्याने तो बुजवून टाकला.

"मैंने तो बस क्लीन किया ना," तृप्ती रडवेली होऊन म्हणाली.

काका मात्र हरखले होते. "बिना कॅलिपरची इन्स्पेक्टर! आमच्या शॉपमंदी अशी एक पाहिजे होती." आणि त्यांनी दाईच्या अंगठ्याचंच माप घेतलं.

*

दुसऱ्या नकलेवर काका दीड महिना बसून होते. कान चार एमएम मोठा, खळगा अंगठ्याच्या मापाचा. आत सिमेंट भरून वजनसुद्धा मिळवून घेतलं. "टॅली झालं पाहिजे," एवढंच म्हणायचे.

ठरल्या दिवशी सगळं गाव वडाखाली जमलं. संग्रहालयाचे साहेब गाडी घेऊन आले होते, गाडीत पेंढा अंथरलेला. दोन्ही मूर्ती शेजारी शेजारी ठेवल्या. दाईने डोळे मिटले आणि नकलेच्या कपाळावर अंगठा टेकवला. तो बरोबर आत बसला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगतो, माझ्याही आलं.

"हव," ती म्हणाली. "बिलकुल ओही ये."

'अगदी तीच' हे ऐकताच साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मजूर दोर घेऊन पुढे झाले. दाई मेश्रामकाकांकडे वळली.

"साहेब, कुछू फरक हे का?"

काकांची छाती फुगली. आयुष्यभराच्या नोकरीचा मान त्यांच्या आवाजात आला. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "रत्तीभर नाही. मी सोता चेक केलं. संग्रहालयात ठेवली तरी कोनाले समजनार नाही."

दाईने मान डोलावली आणि मजुरांना नकलेकडे बोट दाखवलं.

"त फेर एही ल ले जावव."