दारामागचा भाग

माझी भाची तेव्हा तिसरीत होती. माझ्या धाकट्या बहिणीला तीन मुली, त्यांतली ही मधली. ते लोक अमरावतीला, आम्ही दोघं नवरा-बायको अकोल्याला. आम्हाला मूल नाही. हे वाक्य आज मी सरळ लिहू शकते. तेव्हा कोणी विचारलं तर मी विषय बदलायची.

सुट्टी लागली की मधली आमच्याकडे यायची. बॅग कोपऱ्यात टाकायची, पाणी प्यायची आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसायची. तिची एक ठरलेली कार्टून मालिका होती. एका बेटावर राहणारे चार प्राणी: खार, कासव, साळिंदर आणि एक बढाईखोर बगळा. हिंदीतून लागायची. एकेक भाग दहा-बारा मिनिटांचा, आणि एकदा सुरू झाले की एकामागून एक चालूच.

सुरुवातीला मी नुसती तिच्या शेजारी बसायची. मग माझ्या लक्षात आलं की ही पोरगी बोलते ती फक्त या मालिकेबद्दल. शाळेचं विचारलं तर "बरं आहे", घरचं विचारलं तर तेवढंही नाही. म्हणून मी अभ्यासाला लागले. मी एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. दुपारी डबा खाताना कानात वायर घालून मी मोबाइलवर ते भाग बघायची. सोबतच्या मुली हसायच्या. मी त्यांना सांगितलं नाही की मला त्या पोरीशी बोलायला काहीतरी हवं आहे.

तिने त्या गोष्टींना नावं दिली होती. "मावशी, रोज वेगळी गोष्ट नसते," ती म्हणाली. "चार-पाचच आहेत. तेच फिरवून फिरवून दाखवतात." एक होता 'दोन वचनांचा भाग'. बगळा एकाच संध्याकाळी दोघांना येतो म्हणून सांगतो आणि दोन्हीकडे धावत सुटतो. एक होता 'नव्या पाहुण्याचा भाग'. बेटावर कोणी नवीन येतं, सगळ्यांना आवडतं, जुन्यांपैकी एकाचं तोंड उतरतं, आणि शेवटी तो पाहुणा होडीत बसून हात हलवत निघून जातो.

"राहत काहून नाही गं तो?" मी एकदा विचारलं.

"कसा राहीन?" ती म्हणाली. "सुरुवातीच्या गाण्यात चौघंच आहेत ना."

आणि एक होता 'दारामागचा भाग'. तो तिला मुळीच आवडायचा नाही. कोणीतरी दाराआड उभं राहून अर्धंच बोलणं ऐकतं, ते वाईट असतं, आणि ऐकणारा रडत पळून जातो. सगळे त्याला शोधत फिरतात. मग कळतं की उरलेलं अर्धं बोलणं चांगलं होतं, त्याच्याच वाढदिवसाची तयारी चालली होती. खार पळाली की मधली चिडून पडद्याकडे बोट करायची. "आत जाऊन विचारत काहून नाही हे? पाच सेकंदात भाग खतम!"

त्या वर्षी होळीनंतर बहिणीचा फोन आला. आवाज हळू होता. तिच्या सासूबाईंनी विषय काढला होता. तीन मुली, दोन खोल्या. मोठ्या बहिणीकडे एवढं घर, आणि लेकरू नाही. मधली तशीही तिच्याकडे रमते. तर मधलीला अकोल्यालाच राहू द्यावं, शाळेत नावही तिथलंच लावावं, कायमचं. बहीण म्हणाली, "ताई, तुले काय वाटते?"

मी लगेच हो म्हटलं. तिचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळायचं, दुकान आहे, माणूस कमी बोलणारा. त्याने एवढंच विचारलं, "पोरीले इचारलं का कोणी?"

"लहान आहे ती. तिला काय विचारायचं?" मी म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं नाही. मी घराजवळच्या शाळेतून चौथीच्या प्रवेशाचा फॉर्म आणला आणि पेन्सिलने भरून ठेवला. पेनने भरायची हिंमत झाली नाही.

मे महिन्यात एका रविवारी आम्ही दोघं पक्कं ठरवायला अमरावतीला गेलो. सकाळच्या एसटीत मूर्तिजापूरपर्यंतच सीट तापायला लागली होती. फॉर्म माझ्या पर्समध्ये होता. मी दर थोड्या वेळाने चेन उघडून तो आहे की नाही ते बघत होते.

घरी पोचलो तेव्हा मुली बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होत्या. मधली उठून आली, माझ्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाली, "मावशी, यावेळी आपण बुधवारी जाऊ ना? मंगळवारी माह्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे." तिला वाटत होतं, आम्ही तिला नेहमीसारखं सुट्टीपुरतं न्यायला आलोय. मी "हो" म्हटलं आणि बहिणीकडे बघितलं. बहीण कणीक मळायला वळली.

आम्ही मोठी माणसं आतल्या खोलीत बसलो. बहीण, भाऊजी, सासूबाई, आम्ही दोघं. दाराला पडदा होता. कूलर एवढा आवाज करत होता की एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. सासूबाईंना तर ऐकूच कमी येतं, त्या नेहमीच मोठ्याने बोलतात. शाळेचं झालं, कपड्यांचं झालं. पोरीला केव्हा आणि कसं सांगायचं यावर गाडी अडली होती.

तेवढ्यात लाइट गेली.

कूलर थांबला. बाहेरचा टीव्हीही बंद पडला. आणि त्या अचानक झालेल्या शांततेत सासूबाई आधीच्याच आवाजात म्हणाल्या, "सांगाचंच काहून? सुट्टीले म्हणून जाऊ द्या, आन् मंग राहू द्या तिथंच. दोन-चार दिवस रडीन. लहान आहे, इसरून जाईन."

मी दाराकडे तोंड करून बसले होते. पडद्याच्या खाली मला दोन पाय दिसले. डाव्या पायात काळा दोरा. मधलीचा.

बाकी कोणाचं लक्ष नव्हतं. मी बोलायला हवं होतं. "अगं, आत ये," एवढे तीन शब्द. माझ्या तोंडून ते निघाले नाहीत. मला वाटलं, मी काही बोलले तर सगळं मोडेल. भाऊजी म्हणाले, "कपडे सगळे पाठवू नका, तिले शंका येईन." बहीण आणि माझा नवरा जमिनीकडे बघत होते. ते पाय हलले नाहीत. बोटं मात्र आत वळली, थंड फरशीवर उभं राहिल्यासारखी, आणि फरशी तर तापलेली होती.

लाइट आली. कूलर पुन्हा गरजला, पडदा फडफडला. पाय नव्हते.

त्यानंतरचा तासभर मला अजून मिनिटामिनिटाने आठवतो. मला ठाऊक होतं की हा कोणता भाग आहे, आणि पुढे काय होतं तेही ठाऊक होतं. खार पळून जाते. मी पाणी पिण्याचं निमित्त करून बाहेर गेले. मोठी आणि धाकटी टीव्हीसमोर. मधली नव्हती. मी सरळ बाहेरच्या दाराशी गेले आणि चपला बघितल्या. तिच्या गुलाबी पट्ट्यांच्या चपला तिथंच होत्या. तरी मी रस्त्यावर दोन्हीकडे बघून आले. भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. अनवाणी तर गेली नसेल? परत आले तर ती मोरीजवळ उभी राहून हातपाय धूत होती. खूप वेळ धूत होती.

"काय करून राहिली गं?" मी विचारलं.

"काही नाही."

जेवायला बसलो. बहिणीने आंब्याचा रस केला होता, कुरडया तळल्या होत्या. मधली माझ्या समोर बसली. एरवी रसाच्या दोन वाट्या मागणारी पोरगी; त्या दिवशी वाटीत बोट बुडवून काठावर रेघा काढत होती. आजीने "खाय ना माय" म्हटलं, तर तिने एक घास खाल्ला. मग तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लॅबमध्ये रिपोर्ट घ्यायला आलेली माणसं आधी आमच्या चेहऱ्याकडे बघतात, तसं. मी कुरडई मोडत बसले.

ताटं उचलली. बहीण म्हणाली, "चला, मुलींनो, तिकडं जाऊन झोपा थोडं." दोघी गेल्या. मधली उभी राहिली.

"आई, मले पूर्ण सांग," ती म्हणाली.

"काय पूर्ण सांगू?"

"मी अर्धं ऐकलं. आजी म्हणे का सुट्टीले म्हणून जाऊ द्या, मंग राहू द्या तिथंच. बाकीचं सांग. बाकीचं चांगलं असन."

बहिणीच्या हातातली ताटं तशीच राहिली. भाऊजी आधी हसले. "अगं, अर्धंच ऐकलं ना तू! यावेळी जास्त दिवस राहाय म्हणून राहिली होती आजी. आठ दिवस जास्त."

"हाव, हाव," सासूबाई म्हणाल्या. "तुह्या मावशीकडं झाडाले पेरू लागतीन आता."

मे महिन्यात पेरू. बहीणही म्हणाली, "तसंच आहे. जा, झोप." पण तिचा आवाज फाटला.

मधलीने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग ती माझ्याकडे वळली. "मावशी, तू सांग."

सोपं होतं. दारामागचा प्रत्येक भाग असाच तर संपायचा: तू चुकीचं ऐकलंस, सगळं चांगलंच होतं, ये जवळ. तिने ते शंभरदा बघितलं होतं आणि मी ते म्हटलं असतं तर तिने विश्वासही ठेवला असता. बुधवारी ती माझ्यासोबत एसटीत बसली असती. जे ऐकलं तेच खरं, असा भाग त्या मालिकेत कधी झालाच नव्हता.

"तू बरोबर ऐकलंस," मी म्हटलं. "बाकीचं काही नाही. आम्ही तुला कायमचं अकोल्याला न्यायचं ठरवत होतो. तुला न सांगता. मलाही ते हवं होतं."

"ताई!" बहीण ओरडली. हातातलं वरचं ताट खाली पडलं. भाऊजी उठून उभे राहिले. "तुमी कोनाच्या बाजूनं बोलून राहिल्या?" ते मला म्हणाले. मी खाली पडलेलं ताट उचललं.

मधली रडली नाही. तिचा श्वास मात्र जोरात चालला होता. "आन् मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही," माझा नवरा म्हणाला. त्या घरात शिरल्यापासून तो पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने बोलला होता. "तर नाही, बेटा. गोष्ट संपली."

"मंग नाही," ती म्हणाली. आणि जाऊन आईच्या पोटाला घट्ट धरून उभी राहिली. बहिणीने उरलेली ताटं खाली ठेवून खरकट्या हातांनीच तिचं डोकं पोटाशी दाबलं. तिच्या केसांना रस लागला. बहीण आता मोठ्याने रडत होती, आणि माझ्याकडे बघत नव्हती.

आम्ही चहा न घेताच निघालो. एसटीत नवरा खिडकीशी बसला. बडनेरा मागे पडल्यावर त्याने माझ्या मांडीवरची पर्स उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि माझा हात धरला. लोक बघत होते. मी रडत होते. मी खरं बोलले याचं मला त्या वेळी काही वाटत नव्हतं. मला पोरगी मिळाली नाही, एवढंच वाटत होतं. ते इथे लिहून ठेवलं पाहिजे.

बहीण मग पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. भाऊजींनी तर आमच्या नात्यातल्या एका लग्नात मला बघून जेवणाची पंगतच बदलली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "ताई, तू बोलली नसती तर मी दिली असती तिले," ती म्हणाली. "मले तोंडच नव्हतं त्या घरात. तुह्यावर राग धरून बसली होती मी इतके दिवस, कारण तो सोपा होता." तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली आणि ती म्हणाली, "थांब, गॅस बंद करून येतो." आली, आणि मग तासभर आम्ही भाज्यांबद्दल बोललो.

मधली त्या दिवाळीला आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात आली, चार दिवसांसाठी, मोठ्या बहिणीला सोबत घेऊन. पहिल्या दिवशी ती माझ्याशी जपून बोलत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅबमधून आले तर दोघी बहिणी माझ्या नवऱ्याच्या दुकानात बसून तांब्याची तार गुंडाळत होत्या, आणि मधली त्याला सांगत होती की त्याची गुंडाळायची पद्धत चुकीची आहे.

आता ती दहावीला आहे. आमच्याकडे येते, कधी सांगून, कधी न सांगता. मागच्या महिन्यात आली तेव्हा मी तिच्या केसांना तेल लावत होते. ती पाठमोरी बसलेली, चेहरा मला दिसत नव्हता. मी विचारलं, "तू माझ्यावर रागावली होतीस का गं तेव्हा?"

"खूप," ती म्हणाली. "आईवर जास्त. तुह्यावर कमी." मग तिने मान हलवली. "इकडं डाव्या बाजूले लाव ना, तिथं कोरडंच राहिलं."

मी डाव्या बाजूला तेल लावलं.