काकांचं गाऱ्हाणं आणि बाबांची डिस्क

माझा धंदा जरा चमत्कारिक आहे. संगणक आणि हार्ड डिस्क यांच्यात निरोप्याचं काम करणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहितो. डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही तर काय करायचं, हा माझा खास प्रांत. पुन्हा विचारायचं, तरी गप्प, तर मागणी रद्द करायची, तरीही गप्प, तर सरळ रीसेट. रत्नागिरीच्या घरी बसून मी हे करतो आणि घरात कुणालाही ते काम वाटत नाही.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्या अंगणात येते, तेव्हा देवाला गाऱ्हाणं, म्हणजे घरादारासाठीचं मागणं, बाबा घालायचे. बाबा गेले आणि तो मान काकांकडे आला. काकांना गाऱ्हाणं अर्धंच येत होतं. पूर्ण होतं ते बाबांच्या आवाजात, एका जुन्या डिस्कवर. त्यांचा आवाज आमच्याकडे तेवढाच उरला होता. पालखी उद्यावर आली, मी माझाच ड्रायव्हर असलेल्या लॅपटॉपला डिस्क लावली, ती घरघरली आणि गप्प झाली. पुन्हा घरघर, पुन्हा गप्प.

काकूने डिस्कला हळदकुंकू लावलं. मी पुसायला गेलो तर आई रागावली. काकांनी पुढ्यात नारळ ठेवला. एवढा शिकलेला मी, पण तो उचलायची माझी छाती झाली नाही.

मग काका ओटीवर सरावाला बसले. ते जरा अडले की आत्या लगेच विचारायची, "मग? पुढे काय?" काका बिथरायचे आणि परत "बा देवा म्हाराजा"पासून सुरू.

"अगो, दम धर जरा! आठवतोय मी!" काका शेवटी ओरडले.

मी चपापलो. माझा ड्रायव्हर त्या डिस्कशी हेच करत होता. म्हातारी डिस्क कशीबशी फिरायला लागायची, वेग घ्यायच्या आत आमचा रीसेट, की पुन्हा पहिल्यापासून! मी वाट पाहायची मुदत भरपूर वाढवली आणि हात मांडीखाली दाबून बसलो. पंखाही बंद केला. का, ते विचारू नका.

डिस्क बराच वेळ कण्हली आणि उघडली. आधी नक्कल काढली, मग आवाज लावला. बाबा गाऱ्हाणं घालू लागले आणि आम्ही सगळे लॅपटॉपपुढे हात जोडून प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणू लागलो. मध्येच बाबा थांबले.

"मग?" आत्या लॅपटॉपला म्हणाली.

"वन्स, गप बसा," आई म्हणाली. "ते तिथे दरवर्षी थांबायचे."

बाबा खाकरले आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी पालखीसमोर काका नेमके तिथेच अडले. ढोल थांबलेले, अख्खी वाडी गप्प. आत्याने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. मला बाबांची इतकी आठवण आली की समोरचं नीट दिसेना. मग काका खाकरले आणि बोलू लागले. आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं, त्यात दारातून आलेला आईचा आवाज सगळ्यांत मोठा होता.