हवा मानवत नाही म्हणे

कराडच्या एसटी स्टँडवर मला पोचवायला सातजण आले होते आणि त्यातलं कुणीच मला धड गाडीत चढू देत नव्हतं. पुण्याची गाडी लागली होती, पुढे पुण्याहून उज्जैनची रेल्वे पकडायची होती. बँकेतलं पहिलं पोस्टिंग, आणि सव्वीस वर्षांच्या आयुष्यातली पहिली स्वतःची खोली! मनातून मी नाचत होते, पण आईकडे बघून तोंड जरा लांब करून बसले. आप्पा खिडकीशी आले. आमचे आप्पा जन्मभर पाटबंधारे खात्यात, त्यामुळे जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ पाण्यात नाहीतर हवेत असतं असं त्यांचं ठाम मत. "हवा-पाणी मानवलं नाही तर सरळ बदली मागायची. अंगावर काढायचं नाही," ते म्हणाले. गाडी हलली तरी त्यांचा हात खिडकीच्या गजावर होता.

कराडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं बोचकं उचलून कुठे कुठे पांगलेल्यांनो, हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहितेय. कारण आप्पांच्या या एका वाक्यापायी माझं उज्जैन सुटता सुटता राहिलं.

खोली मिळाली ती माधवनगरात, कुमुदताईंच्या तळमजल्यावर. कुमुदताईंचे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात कारकून म्हणून आले ते इथलेच झाले. त्यांचं मराठी ऐकून पहिले आठ दिवस मी नुसती हसत होते. "अगं, तू जेवून राहिली का? मग आराम से जेव, मी बाद मध्ये येते," असं त्या म्हणत. महिनाभरात मीही "भाजी खतम झाली" म्हणायला लागले आणि फोनवर आई विचारायला लागली, "हे काय गं नवीन?" बँकेत रामघाटावरचे पुजारी, फुलवाले, पूजेच्या सामानाचे दुकानदार येत. कपाळावर अख्खं गंध आणि हातात पासबुक. सगळे मला "मैडमजी" म्हणत. कराडात मी अजून "आप्पांची मंजू" होते. किल्ली माझी, स्वयंपाक माझा, रविवार माझा. इतकी खूश मी कधीच नव्हते, हे आज सरळच सांगते.

आणि मग पहिल्या हिवाळ्यात नाक बंद पडलं. साधी सर्दी म्हणून सोडून दिली. पण गालाच्या हाडांमागे ओझं भरल्यासारखं वाटे, खाली वाकलं की कपाळात घण बसत, वरच्या दाढा ठणकत. चार दिवस बरं वाटे, की परत उलटे. दीड वर्षात असं पाच वेळा झालं. डॉक्टरकडे का गेले नाही? अहो, सर्दीसाठी डॉक्टर? आमच्या घरात सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत जाते आणि नाही घेतलं तर आठवड्यात. मी वाफारा घेतला, ओव्याची पुरचुंडी शेकली, आणि फारच झालं की कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून मागच्या वेळच्याच गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की बंद. उरलेल्या गोळ्या पावडरच्या रिकाम्या डब्यात, पुढच्या खेपेसाठी. काटकसर आमच्या रक्तातच आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षातच आली नाही. वास येणं हळूहळू कमी होत गेलं होतं. मला वाटायचं, इथल्या भाज्यांनाच चव नाही. मी हिंग वाढवत गेले, लसूण वाढवत गेले. बँकेतली मंडळी डब्यातलं खाऊन नुसतं "वा, मैडमजी" म्हणत आणि पाणी पीत.

तिकडे कराडात निकाल लागून गेला होता. मंजूला उज्जैनची हवा मानवत नाही. आप्पांनी मला कळवलं, मामांनी आप्पांना दुजोरा दिला, शेजारच्या काकूंनी त्यांच्या मेहुण्याचा दाखला दिला. पाचव्या खेपेला मीही हरले. वैद्यकीय कारणावरून बदलीचा अर्ज लिहायला बसले तो रविवार मला स्वच्छ आठवतो. सकाळी चहा गॅसवर ठेवला होता आणि मी ओट्याशेजारच्या टेबलावर अर्जाचं पहिलं वाक्य चौथ्यांदा लिहीत होते. मला जायचं नव्हतं. इतक्यात कुमुदताई जिन्यावरून ओरडतच आत शिरल्या. त्यांनी आधी शेगडीचं बटण बंद केलं, मग सिलिंडरचं, मग धडाधड खिडक्या उघडल्या.

"अगं, चहा उतू जाऊन गॅस विझला! वरपर्यंत वास येऊन राहिला आणि तू इथे बसून लिहून काय राहिली?"

माझ्यापासून शेगडी दोन हातांवर होती. मला काहीही कळलं नव्हतं.

कुमुदताईंनी अर्ज उचलून वाचला. "हवा मानवत नाही? आमच्या खानदानाला दोनशे साल झाले इथे, कोणाला हवेने नाही खाल्लं. हवेला दोष नंतर दे, पहले नाक दाखव."

दुसऱ्याच दिवशी मी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांसमोर बसले. त्यांनी विचारलं, सर्दी दहा दिवसांच्या वर टिकते का? बरी होऊन परत उलटते का? वर्षात कितीदा? डोळ्यांभोवती सूज, दिसायला त्रास? वास येतो का? शेवटचं सोडून बाकी बहुतेकांना मी मान डोलावत गेले आणि प्रत्येक प्रश्नाला थोडी थोडी लाजत गेले. मग अर्धवट गोळ्यांचा डबा पुढे केला. तो बघून डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. नळी घालून तपासलं, सीटी स्कॅन केला. स्कॅनमध्ये नाकातलं मधलं हाड चक्क वाकडं होतं आणि पलीकडे द्राक्षांसारखे मस, म्हणजे पॉलिप, वासाची वाट अडवून वाढलेले.

"साहेब, ही इथली हवा..." मी सुरुवात केली.

डॉक्टर हसले. "मैडम, यह हड्डी उज्जैन में नहीं मुड़ी. यह आप साथ लेकर आई हैं."

खरं सांगते, मला इतका आनंद झाला की दवाखान्यातून बाहेर येऊन मी रिक्षावाल्याला उगीचच नमस्कार केला. माझ्यात दोष निघाला होता आणि मी पेढे वाटायच्या बेतात होते! आप्पांना फोन लावला. त्यांनी कुठलं हाड ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "लहानपणी झोक्यावरनं पडलीवतीस, नाक सुजलंवतं. तेव्हाबी डॉक्टरला दाखवलं नव्हतं आम्ही. म्हंजे आमच्याकडनंच गेलं म्हण की." त्यांचा आवाज इतका पडला होता की मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

आधी दोन महिने मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि फवारा झाला, पण मस हटेनात. मग ऑपरेशन झालं, आई पंधरा दिवस येऊन राहिली. ती गेल्यावर काही आठवड्यांनी, एका सकाळी बँकेत जाताना मी रस्त्यात थबकले. वाफेवरच्या पोह्यांचा वास! बडीशेप, लिंबू, वर भुरभुरलेला जिरावण मसाला. त्या पोह्यांच्या गाड्यासमोरून मी जवळजवळ दोन वर्षं रोज जात होते. ज्या गावावर मी एवढा जीव लावला होता, त्याचा वास मला तोवर धड माहीतच नव्हता! दोन प्लेट खाल्ल्या आणि बँकेत उशिरा पोचले. मग तर वेडच लागलं. पुजाऱ्यांच्या पासबुकांना कापराचा वास होता. फुलवाल्याच्या सहीला झेंडूचा. संध्याकाळी मुद्दाम रामघाटावर गेले, तिथे धूप होता, तूप होतं, आणि शिप्रेच्या पाण्याचा काही फारसा चांगला नसलेला वासही होता. मी तोही छाती भरून घेतला. अर्ज केव्हाच फाडला होता.

सर्दी मला अजूनही होते. नाक रोज धुते, फवारा मारते, आणि दिवस मोजते. दहा दिवसांवर गेली किंवा बरी होऊन उलटली, की हवेची चर्चा न करता डॉक्टर गाठते. तुमच्यापैकी जे नव्या गावाच्या पाण्याला शिव्या देत बसलेत, त्यांनीही गाठावा.

यंदा दिवाळीत कराडला गेले. दार उघडताच घराचा वास अंगावर आला. धान्याच्या कोठीतला कडुनिंब, देवघरातल्या वाती, आप्पांच्या गुडघ्यांचं तेल. मी दारातच उभी राहिले. "आई, आपल्या घराला केवढा वास आहे!" आई फराळाचं ताट घेऊन चाललेली थांबली. "कसला वास? मला तर कधी आला नाही," ती म्हणाली. तिला कसा येणार, ती तिथे राहते. वास पाहुण्यांना येतो. माझ्या हातातली पिशवी उचलायला आप्पा धावले तेव्हा मला कळलं की या घरात मी आता पाहुणी आहे.

आठ दिवसांनी माधवनगरात परत आले, कुलूप उघडलं, आत पाऊल टाकलं. काहीच वास नाही. गेलं पुन्हा नाक! चपला न काढता स्वयंपाकघरात धावले, एक लिंबू चिरलं आणि नाकाशी धरलं. झणझणीत, लख्ख वास आला. नाक शाबूत होतं. घर मात्र गप्प होतं.

लिंबाची फोड हातात धरून मी तशीच खाली बसले आणि हसत सुटले. डोळ्यांतून पाणीही येत होतं. जिन्यावरून कुमुदताईंनी हाक मारली, "आली का गं घरी?"

"आले!" मी म्हणाले.