माझी चामखीळ आणि दगडूअण्णांची घोडी

माझ्या डाव्या गालावर एक चामखीळ होती आणि पंचेचाळीस वर्षांत तिनं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. हरभऱ्याच्या दाण्याएवढी, मिशीच्या जरा वर, आपली गप बसलेली. जे बिघडवलं ते सगळं मी.

झालं असं की ढोकीला माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या मुलाचं लग्न ठरलं. अविनाश माझा एकुलता एक भाचा. साखरपुड्याचा फोटो घरच्या ग्रुपवर आला. माझ्या बायकोनं, सुरेखानं, तो दोन बोटांनी मोठा केला आणि ती म्हणाली, "फोटोत आधी चामखीळ येतीय, मागून तुमी."

लग्नात मामाला नवरदेवाच्या पाठीशी उभं राहावं लागतं. म्हणजे अक्षता पडेपर्यंत सगळा कॅमेरा माझ्या गालावर. (भाच्यावरही असतो, पण हे मला तेव्हा सुचलं नाही.) मी ठरवलं, चामखीळ घालवायची.

"मग दवाखान्यात जावा की. धाराशिवात दहा मिनटाचं काम हाय," सुरेखा म्हणाली.

"एवढ्याशा चामखिळीला डॉक्टर कशाला?"

या एका वाक्याचा मला आजही पस्तावा होतो.

सुरेखाची मावशी येडशीला राहते. मुरुमाला जायफळ, वांगाला मसुराचं पीठ, काळ्या डागाला कोरफड असं सगळं तिच्याकडं असतं, आणि उपाय अंगलट आला तर त्यावरही उपाय असतो. मी फोन लावला.

"लसूण चेचून लावा जावईबापू, अन् वरून पट्टी मारा."

लसणानं चामखीळ तसूभर हलली नाही, भोवतीचं कातडं मात्र सोललं. पुन्हा फोन. आता मावशीनं चुना सांगितला. तो मी ऑफिसातल्या शिपायाच्या तंबाखूच्या डबीतून घेतला आणि फायली बघत बघत गालाला लावला. संध्याकाळपर्यंत चामखीळ होती तिथंच होती, फक्त तिच्याभोवती लालभडक अंगण तयार झालं होतं. शिपाई निरखून बघत म्हणाला, "साहेब, पान तोंडानं खातेत."

लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा मावशीनं ठेवणीतला उपाय काढला.

"आता एकच राह्यलं बगा. घोड्याच्या शेपटीचा केस. पांढराच पायजे. दोन येढं देऊन घट्ट गाठ मारायची. आठ दिसात वाळून पडती."

चार दिवस आणि आठ दिवस यांचा हिशेब कुणालाही कळला असता. मी मात्र घोडा शोधायला निघालो. धाराशिवात कोर्ट आहे, कॉलेजं आहेत, हव्या तेवढ्या रिक्षा आहेत. पांढरा घोडा नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी तोच लाल गाल घेऊन मी ढोकीला उतरलो, तर आक्काच्या दारात पांढरीशुभ्र घोडी उभी!

नवरदेवाला घोडीवर बसवून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, त्यासाठी ती आणलेली. नाव राणी. मालक दगडूअण्णा, सत्तरीचा शांत माणूस, पुढं लगाम धरून उभा होता. अविनाश बाशिंग बांधून वर बसला. बायका ओवाळत होत्या. आणि मी कुठं उभा होतो? बरोबर शेपटीमागं. चार दिवस शोधलेली वस्तू माझ्या नाकासमोर डावीउजवीकडं हलत होती.

एकच केस घ्यायचा होता. पण घोडीचा केस गुळगुळीत असतो, बोटातून निसटतो. म्हणून मी तो बोटाला गुंडाळला आणि हिसडा द्यायला आणि बँड सुरू व्हायला एकच गाठ पडली. एकाऐवजी पाचसहा केस हातात आले.

राणी उधळली. बँडवाले दोन्ही बाजूंना पांगले, ओवाळणीचं ताट आक्काच्या अंगावर सांडलं आणि नवरदेव मारुतीचं देऊळ सोडून साखर कारखान्याच्या रस्त्याला लागला. मागून आम्ही सगळे पळतोय. पुढं उसाची ट्रॉली उभी होती, तिच्याखाली हिरवीगार वाढं पडलेली. ती हिरवी पानं दिसताच घोडी थांबली. अविनाश थांबला नाही.

उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात प्लास्टर घालून, हात गळ्यात अडकवून त्याला मांडवात आणेपर्यंत बाराचा मुहूर्त टळून गेला. गुरुजींनी अडीचचा काढून दिला. दाजींचा, म्हणजे आक्काच्या मालकांचा सगळा राग दगडूअण्णांवर निघाला.

"असली बिथरी घोडी आणतूस व्हय रं लग्नाला? जा, नीघ हितनं."

"सात वर्सं झाली दाजी, राणीनं कधी पाय उचलला न्हाय. कुणीतरी छेडलं बगा तिला," दगडूअण्णा म्हणत होते.

मी तिथंच उभा होतो, हात खिशात. मुठीत केस. एका शब्दात सगळं मिटलं असतं. तो शब्द मी गिळला आणि तो म्हातारा माणूस लग्नाच्या घरातून उपाशी निघाला. आजही ते आठवलं की मान वर होत नाही.

निदान केस तरी फेकून द्यायचे! पण नाही. एवढं झालंच आहे तर वाया कशाला, असा विचार करून मी न्हाणीघरात गेलो, त्यातला एक केस चामखिळीला दोन वेढे देऊन घट्ट बांधला आणि उरलेलं लांब टोक मिशीत दडवलं. (मिशी आदल्याच दिवशी काळी केली होती. काळ्या मिशीत पांढरा केस दडत नाही, हे मला आरशात दिसायला हवं होतं.)

मंगलाष्टका सुरू झाल्या. मी भाच्याच्या पाठीशी उभा. मांडवातला मोठा पंखा माझ्याकडं वळला तसं ते टोक सुटलं आणि हवेवर तरंगत अविनाशच्या मानेला गुदगुल्या करू लागलं. तो मान झटकतोय, गुरुजी डोळे वटारतायत. शेवटी व्हिडिओवाला म्हणाला, "मामा, गालावरला धागा काढा की."

दगडूअण्णा घोडीची झूल राहिली म्हणून परत आले होते आणि मांडवाच्या कडेला उभे होते. त्यांनी जवळ येऊन माझ्या गालाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"त्यो धागा न्हाय," ते म्हणाले. "माझ्या राणीचा केस हाय त्यो."

मंगलाष्टका थांबल्या. आक्कानं मुठीतल्या अक्षता तशाच धरून माझ्याकडं बघितलं. लहानपणी तिनं मला पुष्कळ मारलं आहे, पण असं कधी बघितलं नव्हतं.

"कशापायी रं?" तिनं विचारलं.

"चामखीळ," मी म्हणालो. यापेक्षा लहान उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही.

सगळा मांडव हसला. अविनाश हसला नाही. दुखरा हात सावरत तो मागं वळला आणि हळू म्हणाला, "मामा, ल्हानपणी ती धरून तर म्या झोपायचो. आई म्हणती, दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर मला झोपच लागत नव्हती."

मनगट मोडल्याबद्दल त्यानं मला एक अक्षर बोलून दाखवलं नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

उरलेल्या मंगलाष्टका होऊन अक्षता पडल्या, तसं दाजींनी दगडूअण्णांचा हात धरून त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं. मी स्वतः वाढायला गेलो. बुंदी वाढताना म्हणालो, "अण्णा, चुकलं माझं."

"ऱ्हाऊ द्या पाव्हणं," ते म्हणाले. "फकस्त वाढताना केस पडू देऊ नगा."

नवव्या दिवशी चामखीळ पडली. मावशी खरी निघाली, त्यात तिला भलताच आनंद झाला. ("पण म्या एक केस म्हणलं हुतं जावईबापू, जुडी न्हाय.") मग ती जागा पिकली, गाल सुजला आणि मी दवाखान्यात गेलो. दहा मिनिटांचं काम होतं.

लग्नाच्या फोटोत अविनाश प्लास्टर घातलेल्या हातानं हार घालतोय आणि मागं माझ्या गालावरून पांढरा केस लोंबतोय. आक्कानं तो फोटो बैठकीच्या खोलीत अगदी दारासमोर लावला आहे. मी गेलो की पाणी द्यायच्या आधी तिची नजर फोटोकडं जाते, मग माझ्याकडं.

आता अविनाशला मुलगी झाली आहे, वर्षाची. मी ढोकीला गेलो की तो तिला माझ्या खांद्यावर देतो. झोप आली की ती बापासारखीच माझ्या गालावरून हात फिरवत काहीतरी शोधते. तिथं आता नुसता एक पांढुरका डाग आहे. डागाला धरून झोपता येत नाही. बिचारी दोनतीनदा चाचपडते आणि शेवटी माझी मिशी धरते. दोनचार केस बोटाला गुंडाळून असा हिसडा देते, की त्या दिवशी राणीला काय वाटलं असेल ते मला मुळापासून कळतं. फरक एवढाच, की मला उधळायची सोय नाही.