गुलाबाला घातलेली एरंडीची पेंड

मंडळी, परवा याच ग्रुपवर मी गुलाबांचा फोटो टाकून लिहिलं होतं, "एरंडीची पेंड घाला. सेंद्रिय आहे, कुणालाच अपाय नाही." तुम्ही भरभरून कौतुक केलंत.

आज सकाळी आमचा कुत्रा खंड्या गोठ्याच्या दारात उलट्या करत पडला होता. जुलाबातून रक्त जात होतं. गाडीत घालून पणदऱ्याहून बारामतीला नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "बागेत काही विषारी टाकलंय का?"

मी ठसक्यात म्हणाले, "छे! आमच्याकडं सगळं सेंद्रिय असतं."

सोबत आलेले माझे सासरे, आबा, हळूच म्हणाले, "अगं, काल त्यो गुलाबाचं आळं उकरून खात हुता. गाईची सरकी पेंड रोजच चाटतोय, म्हणून मी हाकललं न्हाय."

आळ्यात एरंडीची पेंड घातलीय, हे मी सांगितलं. ती कुत्र्याच्या जिवावर बेतते, असं डॉक्टर म्हणाले. मी मान खाली घातली.

कारण पोत्यावर छापलेलं होतं, जनावरांना खायला देऊ नये. मी ते वाचलं होतं. म्हणून तर पोतं गाईंपासून लांब ठेवलं. दुधाच्या गाई तेवढ्या आठवल्या, खंड्या आठवला नाही. आणि तरी तुम्हाला लिहिलं, कुणालाच अपाय नाही.

खंड्याला सलाइन चालू आहे. वाचेल का, डॉक्टर सांगत नाहीत. मी जवळ गेले की अजून शेपटी हलवतो.

परवाच्या पोस्टखाली कितीतरी जणांनी लिहिलंय, "ताई, आजच घालतो."

घातली का हो कुणी? तुमचं कुत्रं आत्ता कुठं आहे?