चाळीस मिनिटांचं माइक टेस्टिंग

चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि भाऊ "निघाले" होते. दोन वाजल्यापासून हे मला तिसऱ्यांदा सांगण्यात आलं.

भाऊ म्हणजे आमच्या तालुक्यातले पुढारी आणि त्या दिवशीच्या स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे. मी केजच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवते आणि दरवर्षी एक नाटक बसवते. त्या वर्षी नाटकात सरपंचबाईच्या नवऱ्याचं काम नववीतली शुभांगी करत होती. बायकोच्या खुर्चीत बसून तिच्याऐवजी बोलणारा नवरा. पोरगी इतकी बेमालूम करायची की तालमीत बाकीच्या मुली तिला दबून असायच्या.

संभाजीनगरच्या एका उन्हाळी नाट्यशिबिराच्या ताई तिचंच काम बघायला आल्या होत्या. शिबिर महिनाभराचं. आवाज कसा लावायचा, रंगमंचावर उभं कसं राहायचं, हे तिथे शिकवतात. आमच्या शाळेला पहिल्यांदाच एक जागा मिळणार होती. अट अशी की मुलीला प्रयोग करताना प्रत्यक्ष बघायचं. मोबाइलवरचा व्हिडिओ त्यांना चालत नव्हता.

अडचण एसटीची होती. शुभांगीचं गाव नेकनूरच्या रस्त्यावर. साडेपाचची गाडी गेली की नंतर फक्त जीप. तिच्या वडिलांनी, म्हणजे बप्पांनी, मला आधीच बजावलं होतं, "मॅडम, नाटक करू द्या, माझी ना न्हाई. पण पोरगी साडेपाचच्या गाडीतच बसली पायजे. जीपमधी न्हाई." गाडी चुकली असती तर शिबिराचं नावही घरात काढता आलं नसतं.

नाटक चाळीस मिनिटांचं. मी मोठ्या मॅडमकडे गेले. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका.

"मॅडम, नाटक सुरू करू?"

"दीपप्रज्वलनाच्या आधी?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शाळाच विकायला काढली आहे. "पाहुण्यांनी समई लावल्याशिवाय आपल्याकडे कार्यक्रम सुरू होत नाही. आजवर झालेला नाही."

हे खरं होतं. पडदा बंद, समई कोरडी, समोर सहाशे मुली मांडी घालून बसलेल्या. मला संताप आला होता. मुलींच्या नाटकाचा वेळ कुणीही खावा आणि आपण हार हातात घेऊन उभं राहावं, हे मी बारा वर्षं बघत आले होते.

तेवढ्यात मंडपवाल्या शकीलभाईंनी विचारलं, "मॅडम, माइक टेस्टिंग कवा करायचं?"

आमच्याकडे रंगमंचावर दोनच उभे माइक असतात. कोणती मुलगी कोणत्या माइकपाशी येऊन बोलणार, तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो का, हे आधी तपासतात. त्याला माइक टेस्टिंग म्हणतात. एरवी दोन वाक्यं म्हटली की संपतं. मात्र ते किती चालावं याचा नियम कुठेही लिहिलेला नाही.

"आत्ताच करू," मी म्हटलं. "पडदा उघडा."

"किती येळ?"

"चाळीस मिनिटं."

शकीलभाईंनी माझ्याकडे बघितलं, मग कोरड्या समईकडे. "लई खराब हायेत आज माइक," ते म्हणाले आणि दोरी ओढली.

मी माइकवर जाहीर केलं, "मुलींनो, शांत बसा. माइक टेस्टिंग सुरू आहे." ताईंना पहिल्या रांगेत बसवलं. चार वीसला शुभांगी मिशी लावून आली, बायकोची खुर्ची पुसली, स्वतः बसली. पहिल्याच वाक्याला सहाशे मुली हसल्या. मोठ्या मॅडम विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला, माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय चाललंय?"

"टेस्टिंग, मॅडम."

"शेवटपर्यंत?"

"शेवटच्या प्रवेशात तिला हळू बोलायचंय. तेच तपासायचंय."

त्या तिथेच उभ्या राहून बघू लागल्या.

पाचला दहा मिनिटं कमी असताना फाटकाशी गाड्यांचे हॉर्न वाजले. भाऊ खरोखरच निघाले होते. शेवटचा प्रवेश बाकी होता. त्यातच नवऱ्याला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटते आणि तो खुर्चीवरून उठतो. ताईंनी नेमकं तेच बघायला हवं होतं. पाहुणे मंडपात शिरले की सगळ्यांनी उभं राहायचं, मग नाटक कसलं आणि काय.

मोठ्या मॅडमनी खेळाच्या सरांना हाक मारली. "सर, भाऊंना फाटकावरच लेझीम दाखवा. सगळे प्रकार. एकही गाळू नका."

लेझीम दहा मिनिटं चाललं. पाच वाजता शुभांगी खुर्चीवरून उठली, पडदा पडला आणि पाच मिनिटांनी समई पेटली. शुभांगी मिशी न काढताच एसटी स्टँडकडे पळाली. भाऊंनी पाऊण तास भाषण केलं आणि आमच्या मुलींच्या अभिनयाचं तोंडभरून कौतुक केलं.

पंधरा दिवसांनी ताईंचं पत्र आलं. शुभांगीची निवड झाली होती. सोबत एक फॉर्म होता. त्यात विद्यार्थिनीने शाळेच्या कार्यक्रमात भूमिका केल्याचा दाखला हवा होता. इथे गाडी अडली, कारण संमेलनाचा अहवाल संस्थेकडे गेला होता आणि त्यात लिहिलं होतं, "वेळेअभावी नाटक होऊ शकले नाही." मोठ्या मॅडम स्वतःच्या अहवालाविरुद्ध सही करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी बराच विचार केला आणि दाखला लिहिला.

बप्पा सही करायला शाळेत आले. दाखला त्यांनी दोनदा वाचला.

"'माइक टेस्टिंगमध्ये उल्लेखनीय अभिनय केला.' ह्ये असं कावून लिवलंय, मॅडम?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण तेच पुढे म्हणाले, "मी बघितलंय की. तहसीलला आलतो. म्हणलं पोरगी गाडी चुकवंल, म्हणून मंडपाच्या मागं उभा व्हतो."

"तुम्ही तिथेच होतात? मग सांगितलं का नाही? आम्ही किती धावपळ केली!"

"तुमी टेस्टिंग म्हणलात. मंग मदी कसं बोलायचं?" त्यांनी पेन हातात घेतलं. "गाडीत माझ्या शेजारी मिशी लावूनच बसली. कंडक्टर पासावरचा फोटू बघतोय, पुन्हा तिच्याकडं बघतोय. म्या सांगितलं, माझीच हाय."

त्यांनी सही केली. शुभांगी महिनाभर शिबिराला राहून आली.

तेव्हापासून मी संमेलनाची कार्यक्रमपत्रिका करताना सगळ्यात वर, दीपप्रज्वलनाच्याही आधी, "माइक टेस्टिंग : चाळीस मिनिटे" असं लिहिते. मोठ्या मॅडम वाचतात आणि काही न विचारता सही करतात.