तांब्याची उष्णता

आता काय सांगू तुम्हाला! सगळ्या पुंडलिकनगरला तीस वर्षं शहाणपण वाटत फिरले, आणि माझ्याच घरात अशी तोंडघशी पडले! हसा, पण आधी चहा घ्या.

आमच्या गल्लीत माझा एक लौकिक आहे. बाई नुसती समोरून चालत आली, की हिला दिवस गेलेत की नाही ते मी सांगते. ती तपासणीची पट्टी-बिट्टी नंतर. माझं आजवर एकदाही चुकलेलं नाही. आजवर म्हणजे परवापर्यंत.

नातू चार वर्षांचा झाला तसा महेशनं, म्हणजे माझ्या लेकानं, आणि सूनबाई रेणुकानं दुसऱ्या लेकराचं मनावर घेतलं. उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंकडं जाऊन रेणुकानं तांबी काढून घेतली. मी सोबत होतेच. मी नसेन तर त्या लोकांना काय कळणार?

डॉक्टरीणबाई म्हणजे कालची पोर. म्हणते कशी, "काकू, आता कधीही दिवस राहू शकतात. अगदी याच महिन्यातसुद्धा."

याच महिन्यात म्हणे! अहो, चार वर्षं पोटात तांबं होतं. चुलीवरून उतरवलेला हंडासुद्धा निवायला वेळ घेतो, मग ही उष्णता निघायला सहा महिने नकोत? पण आजकालच्या डॉक्टरांना पुस्तकाबाहेरचं काही ठाऊक असतं का?

दीड महिना झाला आणि रेणुकाला मळमळायला लागलं. फोडणीचा वास आला की पळाली मोरीकडं. मी म्हटलं, बघा, निघाली उष्णता! लगेच सब्जा भिजवला, गुलकंद आणला.

"आई, मला काहीतरी सांगायचंय. यावेळी पाळी..."

"पुढं गेली ना? तांबी काढल्यावर जाते. हे घे, सब्जा पी."

मग पोरगी चिंच मागायला लागली. आता तुम्हीच सांगा, तांब्याचं भांडं आपण कशानं घासतो? चिंचेनंच ना? म्हटलं, वा रे शरीर! आतलं तांबं घासायला बरोबर चिंच मागतंय! हे मी भिशीत सगळ्या बायकांना तासभर समजावून सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मला वाटलं, थक्क झाल्या.

आमच्याकडं वेरूळच्या बाजूनं द्वारकाबाई तूप विकायला येते. शेळ्या-मेंढ्यांतली बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली. रेणुकाला एकदा खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "बाई, पेढं कवा? सूनबाईला दिवस गेल्यात की!"

"काहीतरी बोलू नकोस. उष्णता झालीय तिला."

"नाय बाई, मला लई अनुभव हाय. माणसाचं अन् शेळीचं, दोन्हीचं कळतं."

"मग शेळ्यांचंच बघ! शिकल्यासवरल्या घरातलं तुला काय कळतंय?"

"व्हय बाई," ती हसली, "आमाला काय कळतंय!" आणि रेणुकाच्या हातावर चमचाभर तूप जास्तीचं ठेवून गेली.

माझं डोकंच फिरलं. माझ्या घरात येऊन मला शिकवते!

पण ओकाऱ्या काही थांबेनात, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या डॉक्टरीण पोरीनं तांबीचा तुकडा आतच ठेवला असणार! महेश म्हणाला, "आई, जरा ऐक तरी..." मी म्हटलं, "बायकांच्या गोष्टीत तू पडू नकोस. गाडी काढ."

दवाखान्यात मी सगळ्यांसमोर आवाज चढवला. "अर्धी तांबी आत ठेवता आणि वर फी घेता?"

"काकू, काढलेली तांबी तुम्हाला दाखवली होती ना?"

"कुणाची दाखवली कुणास ठाऊक!"

डॉक्टरीणबाईंनी मुकाट्यानं सोनोग्राफी केली. मी पडद्यात डोकं घातलं. "सापडला का तुकडा?"

"सापडला. पण काकू, या तुकड्याचे ठोके पडतायत."

रेणुका पलंगावरून म्हणाली, "आई, तीनदा सांगायला आले होते. तिन्ही वेळा तुम्ही सब्जा पाजलात."

आनंद झाला हो! डोळे भरून आले. पोरीला जवळ घेतलं, लाजही वाटली. पण तेवढ्यावर गप्प बसेन ती मी कसली? डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "हिचं एखादीचं झालं असेल असं. पण सहा महिने लागतातच. ऐकीव नाही सांगत, माझ्या स्वतःच्या अंगावरून गेलंय! मोठ्या लेकीच्या पाठीवर मीही तांबी बसवली होती."

"हो का? कधी काढलीत?"

"संक्रांतीला. वाणाच्या धांदलीत जाऊन आले होते."

"आणि पुढचं बाळ?"

"हा काय, महेश. त्याच वर्षी ऐन दसऱ्याला झाला."

कोपऱ्यातली नर्स बोटं मोजायला लागली. "माघ, फाल्गुन, चैत्र..." ती आश्विनावर थांबली. नऊ बोटं झाली होती. मी मनातल्या मनात पुन्हा मोजून पाहिलं. नऊच.

दारात महेश उभा होता, सहा फूट उंच, मिशीतल्या मिशीत हसत. तीस वर्षं मी गल्लीत सहा महिन्यांचा नियम सांगत फिरले, आणि तीस वर्षं तो नियम खोटा पाडणाऱ्याला घरात दोन्ही वेळा माझ्याच हातानं वाढत होते.